मोगरी खाली ठेवली, उत्तम

पडलं! उत्तम, पडलं! सगळंच्या सगळं पडलं, आत चिमूटभर राहिलं नाही. मोगरी मारली नाही, बांबू घातला नाही, कोणी वर चढलं नाही. खालची झडप ओढली आणि आपल्या हत्तीनं पोटातला सगळा माल मुकाट्यानं पोत्यांत ओतला. ज्यानं आपल्याला इतकी वर्षं रडवलं, त्या हत्तीनं!

घरी येऊन विमलला सांगितलं. "बरं झालं. हात धुवा, ताट वाढलंय," म्हणाली. तिचंही बरोबर आहे. टाकीतला चोथा खाली पडला यात नाचण्यासारखं काय आहे, हे समजणारा माणूस या शहरात एकच होता, आणि तो महिन्यापूर्वी सकाळचा चहा पिता पिता खुर्चीतच मान टाकून निघून गेला. म्हणून जेवण उरकून हे लिहायला बसलोय. लिहिलेलं वाचायचा तुला कंटाळा, हे मला माहीत आहे. आज मध्ये न बोलता ऐकून घे. ही सोय पूर्वी कधी नव्हती.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक 'मनमिळाऊ' असं लिहितात. तू कसला मनमिळाऊ! पंचवीस-तीस वर्षांत तू माझं एक म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य केलं नाहीस. पण तुझ्याशी भांडायला जाताना माझी पावलं जशी भराभर पडायची, तशी देवळात जातानाही कधी पडली नाहीत. हे तू असताना तोंडातून निघालं नाही. आता कागदावर निघतंय, तर निघू दे.

आपण साडू. सासऱ्यांची थोरली विमल माझ्याकडे, धाकटी शकू तुझ्याकडे. साडू म्हणजे पंगतीत बसून दुसऱ्याच्या पानात जिलबी जास्त पडली का, हे बघणारं नातं. त्यात कोणी भागीदारी करतं का? सासरे तेव्हाच म्हणाले होते, "एका म्यानात दोन तलवारी नाय राहत. अन् तुम्ही तर दोघंबी बोथट." तरीही आपण मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं पत्र्याची शेड टाकली आणि गायी-म्हशींचं खाद्य बनवायला लागलो. मी दूध डेअरीच्या प्रयोगशाळेतून आलेला, वास घेऊन आणि हात घालून माल ओळखणारा. तू पत्र्याचा माणूस. पत्रा कापणं, वाकवणं, जोडणं यापलीकडचं जग तुला दुय्यम वाटायचं. चारचौघांत आपण एकमेकांना 'अहो साडू' म्हणायचो. शेडमध्ये शिरलं की अरे-तुरे.

गहू, तांदूळ, मका माणसांकडे जातो. त्यांची सालं, कोंडा, चुरा आणि चोथा आपल्याकडे येतो. पहिल्याच वर्षी आपल्याला कळलं की धान्य शहाणं असतं आणि कोंडा आडमुठा. गहू टाकीत वरून ओता, खालून शाळेतल्या मुलांसारखा रांगेत बाहेर येतो. कोंडा वरून घालताना हलका, भुरभुरीत, अगदी गरीब. दोन दिवस टाकीत राहिला की आपल्याच वजनानं दबतो, दमट हवा पितो, एकमेकाला धरतो. मग खालची झडप उघडावी तर वर कमान धरून बसलेला. नाहीतर मधोमध विहीर पडायची, तेवढा मधला माल खाली यायचा आणि कडेचा भिंतीला चिकटून तसाच. नवा माल मधून निघून जायचा, जुना कडेला महिनोन्‌महिने कुबट व्हायचा, आणि एक दिवस त्याचा ढेकूळ पोत्यात गेला की शहागंजातल्या तबेलेवाल्याचा निरोप यायचा, "म्हैस तोंड फिरवती, तुमी खाऊन दावा." तू खरंच खाऊन दाखवलं होतंस एकदा. त्याच्यासमोर, त्याच्याच गव्हाणीतून, मूठभर! म्हशीनंही तुझ्याकडे बघितलं होतं.

चार पाय आणि खाली सोंडेसारखा पाइप, म्हणून सलीमभाईनं टाकीला हत्ती म्हणायला सुरुवात केली. सलीमभाई आपला पहिल्या दिवसापासूनचा मशीनवाला. सकाळी आलो की त्याच्या तोंडाकडे बघूनच कळायचं. "सेठ, हत्ती आज नक्को बोलता," असं तो म्हणाला की तू भिंतीवरची मोगरी काढायचास.

ती मोगरी! बाभळीची, पुढं लोखंडी कडं बसवलेली. टाकीच्या खालच्या नरसाळ्यावर तू उजवीकडून घालायचास, मी डावीकडून. तुझा ठेका ठरलेला, दोन जड, एक हलका. ठण्, ठण्, टिण्. मी कसाही मारायचो म्हणून तू वैतागायचास. "साडू, लगीन वाजतंय का मयत, काय तरी एक ठरीव की!" शेजारच्या शेडवाले म्हणायचे, तुमची मोगरी वाजली की आम्हाला घड्याळ लागत नाही. मोगरीनं कमान मोडायची, निदान पुष्कळदा मोडायची, म्हणून खंडेनवमीला आपण सगळ्या अवजारांच्या पुढं तिलाच मांडायचो. मोटरीला एक झेंडूचं फूल, चाळणीला एक, आणि मोगरीला अख्खी माळ. हळदी-कुंकू, नारळ, तू डोळे मिटून हात जोडलेले. हे लक्षात ठेव, पुढं येणार आहे.

आणि आपला वाद. कोन की ओल? तुझं म्हणणं, नरसाळं पसरट आहे, कोंडा त्यावर बसून राहतो, त्याला उभट करा म्हणजे घसरेल. माझं म्हणणं, पत्र्याचा काही संबंध नाही, माल ऊन-ऊन भरतो आपण. रात्री छपराचा पत्रा गार होतो, आत घाम धरतो, तो वरून ठिबकतो आणि मालावर सायीसारखा थर धरतो. माल आधी पसरून गार करा, छपराला वारा द्या. तू म्हणायचास, "पसरायला जागा काय तुझ्या सासऱ्याच्या अंगणात हाय?" सासरा दोघांचा एकच, हे तुझ्या कधी लक्षात यायचं नाही. सलीमभाई मात्र हसून हसून पोत्यावर बसायचा.

हा वाद आपण शेडमध्ये घातला, लग्नांत घातला, सासऱ्यांच्या तेराव्याच्या पंगतीतसुद्धा घातला. तू वाटीत वरण घेऊन मला कोन दाखवलास. मी पापडाचा तुकडा त्या वरणात बुडवून तुला ओल दाखवली. विमल आणि शकू दोघी एकदम ओरडल्या होत्या.

गेली काही वर्षं कोंड्यासोबत मक्याचा चोथा यायला लागला. मद्यार्क काढून घेतल्यावर उरलेला, पिवळा, तेलकट, आंबूस गोड वासाचा. जनावरांना तो गुळासारखा आवडला आणि हत्तीला तो दम्यासारखा बसला. ट्रकमधून उतरतानाच ऊन असायचा. टाकीत गेला की दगड. मोगरीला दाद देईना, बांबूला देईना. मग तू कमरेला दोरी बांधायला लागलास.

त्याबद्दल मला तेव्हाही बोलायचं होतं, आजही आहे. वरच्या झाकणातून आत उतरायचं, कमानीवर उभं राहायचं आणि पायाखालचीच कमान पहारीनं फोडायची. असा धंदा शेखचिल्ली करतो. मी शिव्या द्यायचो, सलीमभाई दोरी धरायचा, तू उतरायचास. मी म्हणालो, एकदा मी जातो. तू माझ्या पोटाकडे बघून म्हणालास, "अडकशील झाकणात. मंग हत्तीला बूच बसंल." आणि वर सलीमभाईला डोळा मारलास.

आणि तो दिवस. कमान तुझ्या अपेक्षेआधी फुटली. 'भस्स' असा आवाज आला आणि दोरीला हिसका बसला. सलीमभाई शिडीवरून ओरडला, "दाजी, खींचो! खींचो!" शकू मला दाजी म्हणते म्हणून तोही म्हणायचा. आम्ही दोघांनी ओढलं तेव्हा तू छातीपर्यंत चोथ्यात होतास. हात वर, तोंड पिवळं. बाहेर आलास आणि सात-आठ शिंका दिल्यास आणि हसायला लागलास. तेवढ्यात तुझा फोन वाजला. अकरा वाजले होते.

शकूचा फोन रोज अकराला. पुंडलिकनगरातून, कुकर उतरवला की. "जेवलात का" नाही, "कसे आहात" नाही. एकच प्रश्न, "वर चढलात का?" तू कानातला चोथा करंगळीनं काढत म्हणालास, "नाय गं, हापिसात बसलोय. हे काय दाजी हाईत समोर, इचार." आणि फोन माझ्या हातात दिलास. मी काय करणार? "नाही चढला," म्हणालो. मागं सलीमभाई तुझ्याच ठेक्यानं मोगरी मारत होता, तो आवाज पलीकडं जात होता. ती थोडा वेळ तो ऐकत राहिली आणि फोन ठेवला. त्यानंतर कितीतरी वेळा आपण दोघांनी मिळून तिला तेच सांगितलं. तिनं कधी विश्वास ठेवला असेल असं वाटत नाही.

त्यानंतर तू नवं नरसाळं बनवलंस. गुळगुळीत पत्र्याचं, चांगलं उभट, तोंड रुंद. सगळे जोड बाहेरून, आतून हात फिरवला तर नख अडकू नये असं. दिवाळीपासून ते शेडच्या मागं ताडपत्री पांघरून पडलं होतं, कारण मी अडून बसलो होतो. आधी छपराला वारा, मग नरसाळं, असं माझं. आधी नरसाळं, मग तुझा वारा, असं तुझं. तू जाण्याच्या आदल्या संध्याकाळी आपण त्याच ताडपत्रीजवळ उभे होतो. तू म्हणालास, "एकदा बसवून तर बघू. नाय पडलं तर मी सगळ्यांसमोर म्हणतो, साडू शहाणा." मी म्हणालो, "ते तू असंही म्हणायला पाहिजेस." तू हसलास, स्कूटरला किक मारलीस आणि ओरडलास, "उद्या बोलू!"

उद्या तू चहाच पुरा केला नाहीस.

तुझ्या दिवसांत मी शेडवर गेलो नाही. चौदाव्या दिवशी गेलो तर रेणू आधीच तिथं. तुझी पोर ऑफिसची नोकरी सोडून आली आहे, हे मला तिथं कळलं. हत्ती नेहमीप्रमाणं तुंबलेला. सलीमभाई एकीकडं तोंड करून उभा. आणि रेणू शिडीवर, कमरेला तुझी दोरी.

"खाली उतर!" मी असा ओरडलो की शेजारचे बाहेर आले.

"काका, चार गोठ्यांचं खाद्य अडकलंय. बाबा जायचे तसं जाऊन येते."

"तुझा बाप येडा होता!"

"व्हय," ती शांतपणे म्हणाली, "पण दोरी मला बरोबर बसली." मग झाकण उघडून आत डोकावली आणि म्हणाली, "झाकण मात्र बाबांनी लईच लहान केलंय. आधी एवढं लहान होतं का?"

नव्हतं. मला आठवलं. छपराचा पत्रा बदललास तेव्हा झाकणही नवं केलंस, आणि मी तुझी टिंगल केली होती की पत्रा वाचवला, चिंगूस. सलीमभाई माझ्याकडे न बघता म्हणाला, "दाजी, सेठ मेरेकू बोले थे. दाजी का पेट आना नै ऐसाच बनाना बोले. मैं नै रहा तो ये बुड्ढा उतरेगा बोले."

उत्तम, मी तिथंच पोत्यावर बसलो. माझ्या पोटावरून तू जन्मभर केलेल्या विनोदांतला हा एक खरा होता तर! मला आत उतरता येऊ नये म्हणून तू झाकणच लहान कापलंस, आणि वर तोंडानं बुचाचे विनोद. मला किती राग आला आणि किती... जाऊ दे. थँक यू म्हणायची आपल्यात रीत नाही. आज म्हणतो. फक्त एक गोष्ट तुझ्या मापात बसली नव्हती. तुझी पोर सडपातळ आहे. तिला ते झाकण पुरत होतं.

"काका," ती शिडीवरूनच म्हणाली, "एक तर बाबांचं नरसाळं बसवा, नायतर मी उतरते. रोज उतरीन."

तिच्या आवाजात तू होतास, अगदी तंतोतंत, 'ऐकायचं तर ऐक' असा. मी म्हणालो, बसवा. छपराला वाराही ठेवा, नरसाळंही बसवा, सगळं करा, पण ती दोरी सोड. तेवढ्यात फोन वाजला. अकरा. शकू. तिनं मला विचारलं, "दाजी, रेणू वर चढली का?"

ती शिडीवर होती. झाकण उघडं होतं. तुझ्यासाठी तोंडात बसलेलं उत्तर आपोआप निघालं, "नाही चढली."

मग सुरू झाली गंमत. तू असतास तर झोपला नसतास, इतकी गंमत. माल बांबूनं, खोऱ्यानं खालून काढला, जुनं नरसाळं कापून उतरवलं आणि जमिनीवर उताणं ठेवलं. आजवर आपण ते बाहेरूनच बघत आलो होतो. आतून पहिल्यांदा बघितलं. रेणूनं हात फिरवला आणि म्हणाली, "हे काय हो काका?"

आत सगळीकडे पोचे! बाहेरून मोगरी बसली तिथं आत पत्रा फुगलेला, एकेक फुगवटा एकेका फळीसारखा, आणि त्या प्रत्येक फळीवर जुन्या चोथ्याचा थर, काळा, दगडासारखा. उजवीकडचे फुगवटे उंचावर, एका ओळीत, दोन खोल, एक उथळ. डावीकडचे खाली, कसेही. सलीमभाईनं आधी उजवीकडं बोट दाखवलं, मग डावीकडं, मग माझ्याकडं, आणि खो-खो हसायला लागला. "ये सेठ का हाथ. और ये... ये दाजी का बँड."

कळलं ना? कोंडा एकदा अडकला म्हणून आपण मोगरी मारली. मोगरीनं पोचा आला. पोच्यावर पुढचा कोंडा बसला. म्हणून आणखी मोगरी मारली. एवढी वर्षं तू कोन म्हणत राहिलास, मी ओल म्हणत राहिलो, आणि हातातली मोगरी दोघांनीही खाली ठेवली नाही. वर तिलाच खंडेनवमीला झेंडूची अख्खी माळ! मी असा हसलो, उत्तम, की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते थांबेना. रेणूनं मला पाणी आणून दिलं. तुला हे बघायला मिळायला पाहिजे होतं. तू लगेच म्हणाला असतास, "मंग कोन माझा बराबरच व्हता, पोचा तुझा!" आणि पुन्हा सुरू.

नवं नरसाळं बसलं. छपराला वाऱ्यासाठी माझी जाळीही बसली. परीक्षेला मी म्हणालो, आधी साधा कोंडा भरू. रेणू म्हणाली, "अवघडच पेपर द्यायचा." चोथ्याचा ट्रक आला, ऊन-ऊन, हात ठेववत नव्हता, तसाच तिनं वर चढवायला लावला. शनिवारी भरला. रविवारी मला जेवण गेलं नाही. पडलं नाही तर ती उतरणार, हे मला माहीत होतं. तिला अडवायला घरात आता तिच्या बापाइतका हट्टी कोणी नाही.

सोमवारी सकाळी सगळे उभे राहिलो. रेणूनं झडप ओढली.

काही नाही.

सोंडेखाली पोतं धरलेलं, रिकामं. सलीमभाईनं वर बघितलं. मी वर बघितलं. हत्ती गप्प. आणि माझा हात, मला न विचारता, भिंतीकडं गेला. मोगरी हातात आली. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप मागं गेला.

"काका, मोगरी खाली ठेवा."

"अगं पण एकच, हलकी—"

"नाय. खाली ठेवा. थांबा जरा."

मी ठेवली. आयुष्यात मी तुझं कधी ऐकलं नाही, पण तिचं ऐकलं. आणि आपण दोघांनी कधीच केलं नव्हतं ते केलं, नुसते थांबलो. स्टेशनात एक गाडी आली, उभी राहिली, निघून गेली. रेणूचा तळहात नरसाळ्यावर होता. ती म्हणाली, "हलतंय."

आणि मग सुरू झालं! आधी चार दाणे, मग धार, मग नुसता लोंढा! पोतं भरलं, दुसरं लावलं, तिसरं लावलं, सलीमभाई ओरडतोय, "पकड! पकड! दुसरा ला!" आणि मी मध्येच उभा राहून टाळ्या वाजवतोय, या वयात, पोटासकट. मधली विहीर नाही, कमान नाही, कडेचा माल मधल्याच्या बरोबरीनं खाली येतोय. शेवटी धार बारीक झाली, थांबली. रेणू वाकून सोंडेतून वर बघायला लागली आणि म्हणाली, "काका, या इकडं."

मी गुडघे टेकले, मान वाकडी केली आणि वर बघितलं. लखलखीत रिकामा पत्रा, आणि अगदी वर, तुझ्या लहान झाकणाच्या फटीतून आलेला दिवसाचा उजेड. खालून वरपर्यंत! हा उजेड मी कधी बघितला नव्हता, तूही बघितला नव्हतास. मध्ये नेहमी काहीतरी अडकलेलं असायचं.

आता तू विचारशील, कोनानं पडलं, वाऱ्यानं पडलं की मोगरी थांबली म्हणून? सांगता येत नाही, एकदम तिन्ही केलं. वाद शिल्लक आहे. मला तो मिटवायची अजिबात घाई नाही. तेवढाच तू अधूनमधून तोंडाला तोंड देशील. पण कबुलीचं उलटं राहिलंय. 'नाही पडलं तर मी म्हणतो' असं तू म्हणाला होतास. पडलं. म्हणून मी सगळ्यांसमोर म्हणालो, सलीमभाई, रेणू, हमाल आणि शेजारचे शेडवाले साक्षीला होते. "साडू शहाणा." मोठ्यानं म्हणालो. तुला ऐकू गेलं नसेल तर पुन्हा लिहितो. साडू शहाणा.

रेणूनं लगेच कटर मागवला आणि शिडीच्या खालच्या पायऱ्या कापून टाकल्या. दुरुस्तीची शिडी वेगळी, कुलपात. दोरी तिनं पोती बांधायला दिली.

अकरा वाजता फोन आला. "दाजी, रेणू वर चढली का?"

"नाही चढली!" मी ओरडलो. "शकू, कोणीच नाही चढलं! आता चढायचं कारणच नाही!"

"खोटं नका बोलू दाजी," ती म्हणाली. "मोगरीचा आवाज बी नाय येत. आत उतरली ना ती?"

काय सांगू तुला. आयुष्यात पहिल्यांदा तिला खरं सांगितलं आणि तिला ते पटेना. मोगरीचा आवाज नाही म्हणजे तू आत, हे तिनं फोनवरून ऐकून ऐकून स्वतःशी लावून ठेवलं होतं. आपल्याला वाटायचं आपण तिला फसवतोय!

अर्ध्या तासात ती रिक्षानं आली. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. आधी रेणूला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, तिच्या केसांत बोटं घालून चोथा आहे का ते तपासलं. मग हत्तीकडं गेली. शिडीच्या कापलेल्या टोकाखाली उभी राहिली, हात वर केला. पोचला नाही. पुन्हा टाचा उंचावून केला. पोचला नाही.

"तुमच्या साडूला बी पोचलं नसतं का?" तिनं विचारलं.

"नसतं," मी म्हणालो.

मग तिची नजर जमिनीवरच्या मोगरीवर गेली. उचलली. मूठ जिथं तुझ्या हातानं गुळगुळीत झाली आहे, तिथं तिनं अंगठा फिरवला. "ही आता लागायची नाय ना तुम्हाला?"

"नाही."

"मंग हे लोखंडी कडं काढून द्या मला. गोधड्या धुवायला होईल." सलीमभाईनं कडं ठोकून काढलं. ती मोगरी पिशवीत घालून घेऊन गेली.

इथवर सोमवारीच लिहून ठेवलं होतं. आज सकाळी पोत्यांचं बोलायला रेणूकडं गेलो होतो. पुंडलिकनगरच्या तुझ्या जिन्यात पोचलो आणि पाय थांबले. वर गच्चीवर शकू तुझी गोधडी धूत होती. खाली आवाज येत होता. धप्, धप्, आणि मग जरा हलका. पुन्हा धप्, धप्, आणि हलका. तिला तो ठेका कोणी शिकवला नव्हता. रोज अकराला फोन कानाला लावून तिनं तो ऐकला होता.

मी जिन्यात बसून राहिलो. गोधडी पिळून दोरीवर पडेपर्यंत वर गेलो नाही.